परक्या हाताची तुरपाई

१

आमच्या घरात तीन पिढ्या शिंपीकाम चाललंय, त्यामुळे भांडणंसुद्धा आम्ही त्याच भाषेत करतो. "लग्नाआधी त्याच्या घरी राहायला जाणार आहे," असं मी दुकानात जाहीर केलं, तेव्हा आईच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली. मावशीने कपाळावर असा हात मारून घेतला की बाकावर बसलेलं गिऱ्हाईक दचकून उठलं.

"परदेशात? परक्या माणसाकडे? आणि लग्नाच्या आधी?" मावशीने माझे गुन्हे एकेक करून वाचून दाखवले.

"ट्रायल न घेता आपण कुणाचा साधा कोट तरी शिवतो का?" मी म्हटलं. "कच्च्या टाक्यावर घालून बघतो, मग पक्का करतो. इथे तर अख्खा जन्म शिवायचाय. मला आधी घालून बघू दे."

"कोट काखेत काचला तर उसवता येतो," आई म्हणाली.

"तेच तर म्हणतेय. आत्ता उसवता येईल."

बाबा कापायच्या टेबलाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी हातातली खडूची रेघ आधी पूर्ण केली, मगच मागे वळले. "जा. ट्रायल घेऊन ये. बसलं तर पक्कं करू. नाही बसलं तर उसवायचं आणि सरळ घरी यायचं. कापड तुझं आहे." दुकानात बाबांचा शब्द शेवटचा असतो, त्यामुळे मावशीने तोंड फिरवलं आणि उगाच बटणं निवडायला बसली.

ज्याच्यासाठी हे रामायण घडलं त्याला आमच्या घरात लंबू म्हणतात. तो पूल बांधणारा इंजिनिअर. कामासाठी आमच्याकडे आला, पॅन्ट गुडघ्यावर फाटली म्हणून दुकानात शिरला आणि दारातच डोकं आपटून घेतलं. आमचं आपसातलं बोलणं तिसऱ्याच एका भाषेत चालतं, आणि ती दोघांचीही तोडकीमोडकी आहे. माझ्या भाषेतला मात्र एक शब्द मी त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवला: चालेल. आईने परत वाढलं, चालेल. मावशीने त्याच्या नाकाची चेष्टा केली, चालेल. "एवढ्या एका शब्दावर आमच्या घरात जन्म निघतो," असं मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

निघताना बाबांनी गळ्यातला टेप काढून माझ्या गळ्यात घातला. त्याला त्यांनी कधी कुणाचा हातही लागू दिला नव्हता, त्यामुळे मला रडूच आलं.

२

लंबूचं घर त्याच्यासारखंच, अरुंद आणि उंच. खाली स्वयंपाकघर, मधे बसायची खोली, त्यावर झोपायची. सगळ्यात वर उतरत्या छपराखाली आणखी एक खोली होती. ती त्याने माझ्या मशीनसाठी रंगवून ठेवली होती. तिच्या मधोमध एक लाकडी तुळई आडवी गेलेली, आणि लंबू तिच्यावर दर वेळी न चुकता डोकं आपटायचा. मग त्याच्या भाषेतला एक शब्द उच्चारायचा, जो त्याने मला अजून शिकवलेला नाही.

खोलीचा रंग करडा होता. मला करडा रंग बघवत नाही.

"आवडला?" त्याने विचारलं. ब्रशचे डाग अजून त्याच्या मनगटावर होते.

"चालेल," मी म्हटलं.

दाराजवळच्या कोटाच्या खुंट्या माझ्या बोटांच्याही वर होत्या, म्हणून मी माझा कोट जिन्याच्या कठड्यावर टाकायला लागले. कपांची फळी उंच. भांडी घासताना कोपरं वर उचलावी लागायची, पाणी बाहीत जायचं. लंबू बिचारा विचारायचा. खुंट्या खाली घेऊ का? पलंगाची ही बाजू चालेल ना? खिडकी उघडी ठेवली तर? मी प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे. पाहुणी असते तर निर्लज्जपणे मागितलं असतं, मालकीण असते तर विचारलंही नसतं. मी मधेच लटकत होते, आणि अशा माणसाला मागायची लाज वाटते.

"आधी कोण राहत होतं इथे?" एकदा मी सहज विचारलं.

"कोणीतरी," तो म्हणाला. "घर मला असंच मिळालं, खुंट्यांसकट."

३

कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात मला लवकरच काम मिळालं. मागच्या बाजूला एक मशीन, एक दिवा आणि दुरुस्तीच्या कपड्यांचा ढीग. मालकीणबाई स्वभावाने बऱ्या होत्या, फक्त हसायच्या नाहीत. पहिली कमाई हातात आली तेव्हा मी रस्त्याने मान ताठ ठेवून घरी आले. दार उघडलं, कोट काढला, टांगला आणि स्वयंपाकघरात चहा ठेवला.

पाण्याला उकळी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी कोट टांगलाय.

मी बाहेर जाऊन बघितलं. कोट खुंटीवर होता. लंबूने खुंट्या खाली घेतल्या असणार, दुसरं काय? मला एवढं बरं वाटलं की संध्याकाळी तो दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच मी त्याचे आभार मानले.

"मी कुठे घेतल्या?" तो म्हणाला. "तू नको म्हणालीस ना."

खुंट्यांच्या वरच्या भिंतीवर जुनी भोकं नव्हती, ती बुजवल्याची खूणही नव्हती. स्क्रूंवर जुना रंग जसाच्या तसा होता. म्हणजे मी चवडे उंचावून टांगला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि तो विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी पॅन्टला इस्त्री करायला घेतली, तेव्हा मात्र मी तिची खालची दुमड उलटून बघितली. बाबांनी शिवलेल्या पॅन्टला खालच्या दुमडीत भरपूर माया असते, म्हणजे पुढे वाढवायला लागलं तर आत राखून ठेवलेलं जादा कापड. ती माया संपली होती. कुणीतरी दुमड उसवून, पॅन्ट लांब करून, पुन्हा तुरपाई घातली होती. सुरेख काम. एकही टाका वरून दिसत नव्हता. पण टाका उलट्या बाजूला कललेला होता, डावखुऱ्या माणसाचा असतो तसा. आमच्या घरात कुणीही डावखुरं नाही, आणि लंबूला सुईत दोरा ओवता येत नाही.

ती लांब केलेली पॅन्ट मी त्या आठवड्यात रोज घातली होती. ती मला नेमकी घोट्यापर्यंत येत होती.

४

शिंप्याकडे शंका आली की एकच उपाय असतो. मी बाबांचा टेप काढला आणि भिंतीला पाठ लावून, पुस्तक डोक्यावर ठेवून, स्वतःचं माप घेतलं. मग बाही, मग खांद्यापासून कंबर. माझी मापं मला माझ्या नावासारखी पाठ आहेत. टेपवर दुसरीच मापं होती.

टेप जुना आहे, ताणला असेल, असा विचार मी आधी केला. जिवात जीव आला, पण तो काही क्षणच टिकला. टेप ताणला गेला तर त्यावरचे आकडे लांब लांब पडतात, आणि माणूस कमी भरतो. मी जास्त भरत होते. लहानपणापासून हे गणित कळतं याचा मला पहिल्यांदाच राग आला.

मग मी कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढले. शर्टाच्या बाह्या वाढवलेल्या. कंबर आत घेतलेली. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरता आहे, म्हणून बाबा तिथे आतून कापसाची पातळ गादी घालतात. ती गादी प्रत्येक शर्टातून काढून टाकलेली होती. आरशासमोर शर्ट घातला. दोन्ही खांदे सरळ होते. असे सरळ, देखणे खांदे मला जन्मात कधी नव्हते.

तेवढ्यात वरच्या खोलीतून आवाज आला. जाड कापडातून दोरा ओढल्याचा, लांबलचक आणि सावकाश. मग थोडी शांतता, मग पुन्हा. जुन्या घरात नळ आवाज करतात, हे मी स्वतःला ऐकवलं. पण मी पाळण्यात असल्यापासून तो आवाज ऐकत आलेय.

५

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती माझ्याकडे बराच वेळ नुसती बघत राहिली.

"बरी दिसतेस," ती म्हणाली.

"मग असं काय बघतेस?"

"काही नाही गं. कुणासारखी तरी दिसतेस, आणि कुणासारखी ते आठवत नाहीये." मग तिने मावशीला हाक मारली. मावशी स्क्रीनमध्ये नाक खुपसून म्हणाली, "नमस्कार हं," आणि मग एकदम गडबडली. सख्ख्या भाचीला कुणी नमस्कार करतं का? तिने हसून वेळ मारून नेली, पण तिचं हसू मला कळतं.

दुकानात मालकीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "आता तू इथली वाटतेस," त्या म्हणाल्या. हे ऐकायला मी किती आसुसले होते, आणि ऐकल्यावर अंगावर काटा आला.

शेवटी मी लंबूला समोर उभं केलं. "माझ्याकडे नीट बघ. मी बदललेय का?"

त्याने खरोखर नीट बघितलं. तो खोटं बोलत नाही, म्हणून तर मी त्याच्यासाठी एवढी लांब आले होते. त्याने माझं चुंबन घेतलं. त्यासाठी तो वाकला नाही. पूर्वी त्याला कमरेत वाकावं लागायचं, आणि त्यावरून आम्ही रोज हसायचो.

"तू अशीच तर होतीस," तो म्हणाला.

ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. बाबा म्हणाले होते, नाही बसलं तर उसव आणि घरी ये. पण आता मी घरी गेले असते तर दारात कोण उभं राहिलं असतं? आईला कुणाचा चेहरा दिसला असता? मला लंबू हवा होता. हे अरुंद घरसुद्धा हवं होतं. पण ते मला, म्हणजे उतरत्या खांद्याच्या, बुटक्या, फटकळ बाईला हवं होतं. त्या सरळ खांद्याच्या बाईला ते मिळून मला काय उपयोग?

६

लग्नाचा पोशाख मी स्वतःच शिवणार, हे आधीच ठरलं होतं. शनिवारी दुपारी लंबू बाजारात गेला. वरच्या खोलीत लख्ख ऊन आलेलं. पोशाख कच्च्या टाक्यावर तयार होता. तो अंगावर चढवून मी स्टुलावर उभी राहिले. स्वतःचा घेर स्वतः टाचणं हे भलतंच कठीण काम, त्यासाठी खाली दुसरं कुणीतरी लागतं. टाचण्यांची डबी कुठे ठेवली म्हणून मी मान वळवणार, एवढ्यात घेर खालून ओढला गेला.

हलकीच ओढ. मग टाचणी टोचल्याची बारीकशी जाणीव, मग बोटभर पुढे पुन्हा ओढ. ही ओढ मी हजारो गिऱ्हाइकांना दिलीय. गिऱ्हाईक स्टुलावर उभं असतं आणि आम्ही गुडघ्यांवर बसून त्याच्याभोवती सरकत जातो. मी खाली बघितलं नाही. समोर खिडकीच्या काचेत बघितलं.

काचेत मान होती. खाली झुकलेली, केस वर खोचलेले. डावा हात घेरावर चालत होता. आणि तोंडाची एक बाजू दिसत होती, मिटलेली, ओठांत टाचण्या धरलेल्या. त्यापलीकडे मी बघितलं नाही, आणि बघितलं नाही तेच बरं झालं.

"हलू नका," असं मी अशा वेळी गिऱ्हाइकाला सांगते. ती सांगत नव्हती. ती सांगूच शकत नव्हती, कारण तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

तिथे माझं डोकं चालायला लागलं. टाचण्या तोंडात असलेला शिंपी बोलत नाही, तो फक्त ऐकतो. गुडघ्यांवर बसतो तो काम करतो, आणि स्टुलावर उभं राहतं त्याचं माप चालतं. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं नाही, की शिंपी आपल्या मनात बसलेलं माप शिवून मोकळा होतो. त्यात शिंप्याचा काही दोष नसतो. बाबा अशा गिऱ्हाइकांना ओरडायचे, "नुसतं चालेल चालेल काय म्हणता? कपडा तुम्हाला घालायचाय की मला?" आणि मी, त्यांची मुलगी, या घरात पाऊल टाकल्यापासून दुसरं काय म्हणत होते? खुंटीला, फळीला, रंगाला. घराने माझं ऐकलं होतं. माझ्या तोंडून माप आलंच नाही, म्हणून त्याने स्वतःजवळचं घेतलं.

ओढ थांबली. ती वाट बघत होती. माझ्या जिभेवर नेहमीचा शब्द आपोआप आलाच होता. मी तो गिळला.

"चालणार नाही," मी म्हटलं.

आवाज पुरता फुटला नाही. मी छाती भरून श्वास घेतला आणि बाबा दुकानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ओरडतात तशी ओरडले. "चालणार नाही! माझं माप लिहून घ्या!" आणि मी सांगत गेले. गळ्यापासून घोट्यापर्यंत, माझ्या भाषेत, माझी मापं, आईने दिलेली आणि बाबांनी राखलेली. "उजवा खांदा उतरता! तसाच ठेवायचा!" हे तर मी दोनदा सांगितलं. रंग करडा नको. खुंट्या खाली. पलंगाची खिडकीकडची बाजू माझी. एकदा तोंड सुटल्यावर मी थांबतेय कशाची!

खालच्या मजल्यावर, कपाटाच्या दिशेने, टक् झालं. मग टक्, टक्, टक्. दोरे तुटत होते. माझ्या कातडीखालून कुणीतरी एकेक टाका उसवून काढावा तशी खाज पाठीतून, दंडातून, पोटऱ्यांतून धावत गेली. डोळे मिटून, दात आवळून मी उभी राहिले. पण खाली उतरले नाही. गिऱ्हाइकाने मधेच उतरायचं नसतं.

सगळं शांत झालं तेव्हा मी स्टुलावरून पाय खाली सोडला. जमीन लागेना. शेवटी उडी मारावी लागली.

मी तशीच, घेर दोन्ही हातांत धरून, जिने उतरत दाराशी धावले आणि खुंटीकडे हात उंचावला. बोटं पोचली नाहीत. चवडे उंचावले, तरी पोचली नाहीत. मी तिथेच जमिनीवर बसून मोठमोठ्याने हसले. लंबू पिशव्या घेऊन दारात आला, तर मी हसत होते आणि रडत होते. त्याने पिशव्या टाकल्या आणि वाकला. चांगला कमरेतून वाकला.

"काय झालं?"

"खुंट्या खाली घे," मी म्हटलं. "आत्ता. चहा नंतर."

"पण तू तर..."

"मी खोटं बोलत होते. आणि तो करडा रंग भयानक आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. "किती दिवस वाट बघतोय, तू काहीतरी मागशील म्हणून," असं म्हणून तो हत्यारांची पेटी आणायला गेला.

७

लग्नाच्या आधी आई, बाबा आणि मावशी आले. मावशीने दारातच माझ्या उजव्या खांद्यावर चापट मारली. "आली बाई ओळखू!" ती म्हणाली. तिने नाक मुरडायचं ते वरच्या खोलीच्या नव्या पिवळ्या रंगाला मुरडलं, आणि मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

लंबूचा सूट बाबांनी शिवायला घेतला. ट्रायलसाठी आम्ही सगळे वरच्या खोलीत जमलो. कोट, पॅन्ट, सगळं कच्च्या टाक्यावर. बाबांनी गुडघे टेकले आणि डाव्या पायाची लांबी टाचायला घेतली.

"जावयाची जात भाग्यवान," मावशी म्हणाली. "सासरा पायाशी बसलाय."

"चालेल!" लंबू म्हणाला. सगळे हसले. त्याला तो शब्द फार आवडतो. बाबांनी विचारलं, कंबर घट्ट नाही ना? चालेल. कॉलर? चालेल, बाबा, चालेल.

बाबा माझ्याकडून परत घेतलेला टेप पॅन्टवर धरून थांबले. "मागे माप घेतलं तेव्हा जास्त भरला होता हा. टेप ताणला वाटतं माझा." त्यांनी टेप उन्हात धरला. ताणलेल्या टेपवर माणूस कमीच भरतो, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. माझं लक्ष मात्र लंबूच्या डोक्याकडे गेलं. तो तुळईच्या बरोबर खाली उभा होता, ताठ, आणि त्याचे केससुद्धा लाकडाला लागत नव्हते.

मग मी त्याच्या उजव्या पायाकडे बघितलं. बाबा डावीकडे होते. उजव्या पायाची दुमड आधीच वर घेतलेली होती, सफाईने टाचलेली, आणि टाचण्या उलट्या बाजूला कललेल्या होत्या.

"चालेल," लंबू पुन्हा म्हणाला, कुणीच काही विचारलं नसताना.

"हात थांबवा!" मी ओरडले. बाबांनी घाबरून हात मागे घेतला. "तुम्ही नाही, बाबा." मी लंबूच्या उजव्या पायाजवळच्या रिकाम्या जमिनीकडे बोट रोखलं. "याचं माप मी घेतलंय. आहे तेच राहील. एक सूतही कमी नको."

"अगं, कुणाशी बोलतेस?" आई म्हणाली.

मी लंबूचे दोन्ही हात धरले. "माझ्यामागून म्हण. चालणार नाही."

"का?"

"म्हण ना! मोठ्याने!"

"चाल... चालणार नाही," तो म्हणाला. मग माझ्या डोळ्यांत काय दिसलं त्याला कोण जाणे, त्याने मान वर केली आणि सगळं घर हलेल अशा आवाजात ओरडला, "चालणार नाही!"

उजव्या पायातून टाचण्या फरशीवर खळकन सांडल्या, आणि त्याच क्षणी तुळईवर त्याचं डोकं असं दाणकन आपटलं की छपराची धूळ खाली आली. त्याने तो शब्द उच्चारला, जो अजून मला शिकवलेला नाही. मी त्याच्या गळ्यात पडले. म्हणजे गळ्यापर्यंत पोचत नाही मी, छातीवर पडले.

"पोराला टेंगूळ आलं आणि ही हसतेय," मावशीने आईला सांगितलं.

मी वाकून टाचण्या गोळा केल्या. त्यांची डोकी ओली होती. मी त्या माझ्या बाहीला पुसल्या आणि डबीत टाकून झाकण लावलं.

बाबांनी नव्याने टेप लावला. वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. सुईत पक्का दोरा ओवला आणि म्हणाले, "काय मग पोरी? झाली ट्रायल?"

"झाली, बाबा," मी म्हटलं. "पक्कं करा."